तलावावरची साय

साय घातली त्या दिवशी वारा चांगलाच होता. पाळीवरच्या बाभळी वाकत होत्या, साहेबलोकांचे कागद उडत होते, आणि पांढरा तराफा जिथून जिथून जात होता तिथलं पाणी त्याच्यामागे गप होत होतं. आधी लाटा बसल्या, मग बारीक सुरकुत्या. दोन तासांत आमचा साठ एकरांचा तलाव काचेसारखा झाला. वारा वरून जात होता, पण पाण्याला त्याचा पत्ताच नव्हता.

माझी लेक रागिणी पाळीवर उभी होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात पाटीएवढा फोन. दहावीचा निकाल लागायच्या दिवशी तिचं तोंड जसं झालं होतं, तसंच त्या दिवशी होतं.

खालच्या टोलीतली, पाळीखालच्या वस्तीतली, जैवंताबाई घागर घेऊन पाहायला आली होती. ती म्हणाली, "पतिरामभाऊ, तुमच्या पोरीनं तलावाले चादर पांघरली. आता तलाव घोरते काय, पाहा बरं."

"घोरला तर आधी तुलेच ऐकू येईल. तुझं घर जवळ आहे," मी म्हणालो.

सगळे हसले. रागिणीही हसली, पण तिचे डोळे पाण्यावरून हलले नाहीत.

आमचं गाव खैरबोडी. भंडाऱ्याकडे असे तलाव गावोगाव आहेत, जुन्या लोकांनी पाळी घालून अडवलेले. आम्ही ढिवर. तलावातली मासोळी हेच आमचं शेत. माझ्या तरुणपणी या पाण्यावर अकरा डोंगे चालायचे. आता एकच उरला आहे, माझा. बाकीचे लोक पाणी आटत गेलं तसे पांगले. उन्हाळा आता फेब्रुवारीतच लागतो. एप्रिल-मेमध्ये लाल दिवस येतात. लाल दिवशी अकरा ते पाच उघड्यावर काम करायची बंदी असते, आणि बंदी नसती तरी कोणी बाहेर पडलं नसतं. अशा उन्हात तलावाचं निम्मं पाणी माणसं पीत नाहीत, गुरं पीत नाहीत, धानालाही जात नाही. ते नुसतं उडून जातं. मेच्या मध्याला खालच्या टोलीचा नळ कोरडा पडतो आणि बाया टँकरची वाट पाहत बसतात.

ते उडून जाणारं पाणी थांबवायचं, हे रागिणीचं काम. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत ती वीस वर्षं त्याच कामाच्या मागे होती.

खरं सांगायचं तर ते काम तिला माझ्या डोंग्यात सापडलं. सात-आठ वर्षांची असताना ती पुढच्या टोकाला बसायची. हातात काडी, काडीला कापूस, कापसाला जवसाचं तेल. मी सांगेन तिथे ती एक थेंब सोडायची. थेंब पडला की त्याच्याभोवतीचं पाणी निवळशंख व्हायचं, लाटांची झिलमिल जायची आणि तळ दिसायचा. मग मी मासोळीला सळई मारायचो. आमच्या बापजाद्यांची ही रीत आहे. एकदा तिने विचारलं, "बाबा, तेल एवढंसं, अन् एवढं पाणी गप कसं बसते?"

"तेलाचा धाक राहते पाण्याले," मी म्हणालो होतो.

त्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. बरंच झालं.

साय घातली त्या दुपारी अंगणात जेवताना तिने मला तिचं उत्तर सांगितलं. "बाबा, दगडातले कण एकमेकांचे हात घट्ट धरून एका जागी बसलेले असतात. हवेतल्यांनी हात सोडून दिलेले असतात. पाणी या दोघांच्या मधलं. त्यातले कण हात तर धरतात, पण एकाचाच धरून राहत नाहीत. क्षणाला शेजारी बदलतो. म्हणून पाणी वाहतं, म्हणून भांड्याचा आकार घेतं. सगळे द्रव असेच."

"अन् वरचा थर?"

"वरच्या थरातल्याला वर कोणीच नसतं. म्हणून तो बाजूच्यांना जास्त ओढून धरतो. त्याने पाण्याला एक ताणलेली कातडी येते. त्याला पृष्ठताण म्हणतात. पण ऊन तापलं की त्यातला एखादा जोरात उसळतो, हात सुटतो आणि गेला. दिवसभर असेच कोट्यवधी जातात."

"मग तुझी साय काय करते?"

तिने ताटातल्या भाताकडे बोट केलं. "रोवणी करते. सायीचा एकेक कण धानाच्या पऱ्ह्यासारखा, रोवायच्या रोपासारखा, लांबट आहे. त्याच्या पायाला पाणी आवडतं, डोक्याला आवडत नाही. म्हणून सगळे पाय पाण्यात रोवून उभे राहतात, खांद्याला खांदा लावून. एका कणाइतकाच जाड थर, केसाहून हजारो पट पातळ. पण इतका दाट की खालून उसळणाऱ्याला वाट सापडत नाही. वाऱ्याने कुठे विरळ झाला तर तराफा पुन्हा रोवतो. पिण्याला काही धोका नाही."

"अन् तेल?"

"तेल त्याचं चुलत भावंड. चमचाभर तेल अर्धा एकर पाणी गप करतं. पण त्याची रोवणी विरळ. लाट बसवतं, उडणारं पाणी थांबवत नाही. त्याला दाट करायलाच मला वीस वर्षं लागली." मग तिने हात धुतला आणि म्हणाली, "आता तुम्ही डोंगा बांधून ठेवा, बाबा. प्रयोग पुरा होईस्तोवर पाण्यात कोणी जायचं नाही."

मी हो म्हणालो.

मला तिने एक काम दिलं. तलावाचं पाणी सोडायच्या मोरीजवळ खुणांची पट्टी रोवलेली होती. रोज सकाळी तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि फोनवरून पाठवायचा. पाणी दिवसाला किती उतरतं, एवढंच तिला हवं होतं. यंत्रं होती, पण ती शेवाळून खोटं बोलतात, असं ती म्हणायची. मेअखेर उतार निम्म्यावर राहिला तर तीनशे तलावांवर साय पसरायची, असं ठरलं होतं.

साय चांगली निघाली. जिथे दिवसाला बोटाच्या रुंदीइतकं पाणी उतरायचं, तिथे नखाएवढंही उतरेना. मी सकाळी आकडा पाठवायचो. तिकडून अंगठा यायचा, तो फोनवरचा पिवळा अंगठा. पहिल्या आठवड्यात ती फोन करून विचारायची, खात्री करून घ्यायची. मग आकडे चांगले येत राहिले आणि नुसता अंगठा येत राहिला.

माझी बायको सुकवंता जाऊन सहा वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नाही, पण तलाव होता. तलाव कधी गप नसायचा. काठाशी पाणी चपचप करायचं, पोष्टी मासोळी उडायची, पाणनिवळ्या लांब पायांवर सरासर पळायच्या, त्यांच्यामागे पाखरं यायची. सायीनंतर पाणनिवळ्या पहिल्यांदा गेल्या. पाण्याची कातडी सैल झाली होती, त्यांचे पाय आत जात होते. दोन दिवस काठाला त्यांचा काळा गाळ लागला. मग पाखरं गेली. मी खडा मारून पाहिला. खडा डुबला, एक वर्तुळ निघालं आणि हातभर जाऊन मेलं. पूर्वी ते पलीकडच्या काठाला जायचं.

मी रागिणीला कळवलं नाही. आकडा चांगला होता.

मार्चमध्ये मासोळी वर यायची थांबली. सकाळच्या वेळी कतला तोंड काढतो, पाण्यावर बुडबुडे दिसतात. एकही दिसेना. मी काठावर बसून हात पाण्यात घातला. विसण घातलेल्या आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. त्या दिवशी मी स्वतःहून फोन लावला.

"रागिणी, पाणी गरम काहून झालं?"

"बाबा, मी बैठकीत आहे. थोडक्यात सांगते. माठातलं पाणी गार का होतं? बाहेरून पाझरून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठाला रंग फासला तर गार होईल का? तलावाचं तसंच. आता उडत नाही, म्हणून तापतं. ते धरलंय आम्ही हिशेबात."

"अन् मासोळी?"

"तिचाही अंदाज घेतलाय. गरम पाण्यात हवा कमी मावते, थोडी मरतुक होईल. संध्याकाळी बोलते हं."

संध्याकाळी ती बोलली नाही. कामात असेल.

दुसऱ्या दिवशी मी डोंगा सोडला. मासोळी मारायला नाही, पाहायला. सायीखाली पाणी शांत होतं खरं, पण तिच्यावर एक दुधाळ चमक होती, खालचं दिसू देईना. मी सवयीने जवसाचं तेल सोडलं. थेंब पडला आणि साय मागे सरकली. डोळ्यांना दिसेल अशी सरकली, दारातली गर्दी बाजूला व्हावी तशी. तिच्या जागी काळंभोर, स्वच्छ पाणी, आणि त्यात खाली तळ.

तळाशी कतला आणि दाडक एकमेकांना लागून पडले होते. मेलेले नव्हते. कल्ले भराभर हलत होते. तापाच्या माणसाचा श्वास चालतो तसे.

मी आणखी तेल सोडलं. दुपारी परत गेलो तर त्या काळ्या पाण्याखाली मासोळी गोळा झाली होती. तिथे हात घातला, पाणी कमी गरम होतं. साय फाटली तिथे पाणी पुन्हा उडायला लागलं होतं आणि गार व्हायला लागलं होतं. हे सगळं मला आज समजतं. तेव्हा एवढंच कळलं की तेल टाकलं की मासोळीला बरं वाटतं. मी रोज जायला लागलो. थेंबाचा चमचा झाला, चमच्याची वाटी झाली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला फोन वाजला.

"बाबा, आजचा आकडा नीट वाचला ना?"

"दोनदा वाचला."

"तीन दिवसांपासून उतार वाढतोय. तिकडे वारा आहे का? कोणी गुरं धुतं का? कपडे?"

मी सांगितलं, वारा नेहमीएवढा आहे, गुरं येत नाहीत. तिने आणखी खूप विचारलं. मग थांबून म्हणाली, "जेवलात काय?"

"आता जेवीन. आंबाडीची भाजी केली."

"आईसारखी?"

"आईच्या भाजीत मीठ राहायचं."

ती हसली. तिचं ते हसणं मी किती महिन्यांनी ऐकलं. बावीस मिनिटं बोलली. घरमालकीण खोचक आहे, उजवा गुडघा दुखतो, ऑफिसात कोणीतरी तिच्या डब्यातलं लोणचं चोरतं. त्या दिवसापासून ती रोज सातला फोन करायला लागली. मी पावणेसातलाच पाळीवर जाऊन बसायचो, कारण घरात आवाज तुटतो.

एप्रिलच्या सुरुवातीला ती आणि तिचे वरिष्ठ कुंभलकर सर आले. सरांनी माझ्या अंगणात परातीत पाणी मागवलं. त्यावर सायीचा थेंब सोडला, वरून पावडर भुरभुरली. "ही पावडर म्हणजे साय कुठे आहे त्याची खूण," ते म्हणाले. मग माझ्या देवळीतली तेलाची बाटली उचलून काडीने एक थेंब मध्ये सोडला. पावडर झटक्यात परातीच्या काठाला जाऊन चिकटली. मध्ये पाणी उघडं पडलं.

"पाहिलं? दोघांना एकच जागा हवी असते. तेलाचा धक्का जास्त. तलावात हेच होतंय. तराफा दुप्पट साय ओततोय तरी पुरत नाही. तेलकट काहीतरी पडतंय, आणि रोज पडतंय."

मी लोटा घेऊन उभा होतो. 

"इथं कोण टाकणार, सर?" रागिणी म्हणाली. "कारखाना नाही, मोटारी नाहीत. मासेमारी तर बाबांनी माझ्यासाठी सोडली. एखादी वनस्पती असेल. करंजीच्या बिया पडत असतील."

"काय हो बाबा?" सरांनी विचारलं. "करंज आहेत का पाळीवर?"

"आहेत तीन," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

त्यांनी तिन्ही करंजांखाली जाळ्या बांधायला लावल्या. रागिणी आत हात धुवायला गेली तेव्हा सर हळू आवाजात म्हणाले, "दहा मेपर्यंत आकडा सुधारला नाही तर हा प्रकल्प गुंडाळतील. तिला मात्र सांगू नका मी बोललो म्हणून. तिने याच्यापायी लग्न केलं नाही, परदेशची नोकरी सोडली. मला तिची काळजी वाटते."

ते गेले. मी अंगणात बसलो. परात तशीच होती, पावडर काठाला वाळलेली.

आता मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी डोंगा सोडला. मासोळी मरेल, मी मनाशी म्हणालो. मुकी जनावरं, त्यांचं कोण आहे? असं म्हणत म्हणत वाटीभर तेल टाकलं.

एप्रिलच्या मध्याला मला ताप आला. तीन दिवस खाटेवरून उठलो नाही, फक्त आकड्यासाठी काठी टेकत मोरीपर्यंत जायचो. तीन दिवसांत साय जुळली आणि उतार निम्म्याहून खाली आला. मी आकडे पाठवले. तीन अंगठे आले. एका अंगठ्यासोबत फूल होतं. सातला फोन वाजला नाही. मी ताप आहे म्हणून सांगितलं नव्हतं, मग ती कशाला विचारेल?

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ऊन नव्हतं, हवेत गारवा होता. मासोळीला त्या दिवशी काहीएक त्रास नव्हता. हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मी डोंगा सोडला आणि दोन वाट्या तेल ओतलं.

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. मी पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, पुन्हा वाढला हो," ती म्हणाली. आवाज दमलेला होता.

"होईल कमी. तू जेवली काय?"

मी काय करतो आहे ते मला त्या दिवसापासून स्पष्ट कळत होतं. तरी मी पंधरा दिवस करत राहिलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात जैवंताबाई मोरीवर भेटली. खालच्या टोलीच्या नळाचं पाणी जिथून घेतात त्या पाइपाचं तोंड उघडं पडायला आलं होतं. चार बोटं पाणी उरलं होतं त्याच्यावर. ती तिथेच बसून पाहत होती. मला वाटलं, आता चिडवेल. तिने चिडवलं नाही.

"काय वं जैवंता, घोरला नाही तलाव?" मीच म्हणालो.

"नाई भाऊ." ती पाण्याकडेच पाहत होती. "घराला दोन घागरी केल्या सरपंचानं. माझी सून आठव्या महिन्याची आहे. तिले म्हणलं, तू आंघोळ कर, मी उद्या करीन." मग माझ्याकडे वळली. "एक सांगू काय? राग नका येऊ देऊ. लोकं तुमच्या पोरीले शिव्या देऊन रायले. म्हणते, सायीनं पाणी पिऊन टाकलं. कालच्या सभेत एकजण म्हणाला, तिले गावात पाय ठेवू देऊ नका. मी भांडली त्याच्याशी. म्हणलं, आमच्या पतिरामभाऊची लेक आहे, ती पाणी चोरणारी नाई."

मला तिच्याकडे बघवलं नाही.

त्या संध्याकाळी फोन सहालाच आला.  रागिणी म्हणाली, "बाबा, मी चुकली."

"काय चुकली?"

"सगळं. परातीत जमलं, टाकीत जमलं, तलावात जमत नाही. याचा अर्थ मला पाणी कळलंच नाही. वीस वर्षं गेली." नाक ओढल्याचा आवाज आला. "दहा तारखेला ते बंद करतील. मला दुसऱ्या विभागात घालणार होते, मी नाही म्हटलं. बाबा, मी घरी येते. खैरबोडीले. तुमच्यापाशी राहते. शाळेत शिकवीन, नाहीतर काहीही करीन. चालेल ना?"

मी पाळीवर बसलो होतो. समोर एका अंगाला सायीचं चमकतं पाणी होतं आणि दुसऱ्या अंगाला माझं काळं. मला हेच हवं होतं. तिने दोन ताटं वाढावी, मी भाजीला नाव ठेवावं, तिने भांडावं. तोंडातून नुसतं 'ये' एवढं निघालं असतं तरी पुरे होतं.

"तेल मी टाकतो," मी म्हणालो.

"काय?"

"तलावात. जवसाचं तेल. मीच टाकतो रोज."

 फोन कट झाला असं वाटून मी तो डोळ्यांसमोर धरून पाहिला. चालू होता.

"कधीपासून?" आता तिचा आवाज वेगळा होता.

"होळीच्या दुसऱ्या दिवसापासून."

"रोज?"

"ताप आला ते तीन दिवस नाही."

"कोणते तीन?"

मी सांगितले. तिकडे बटणं दाबल्याचा टकटक आवाज येत होता.

"किती टाकता?"

"वाटीभर. त्या ढगाळ दिवशी दोन वाट्या."

टकटक चालू राहिली. मग थांबली.

"काहून, बाबा?"

"मासोळीसाठी. तळाशी पडून राहायची. तेल टाकलं की गार पाण्यात यायची."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. रागावून नव्हे. तिला कामाला लागायचं होतं.

मी त्या दिवसापासून तेल बंद केलं. सायीची रोवणी दोन दिवसांत जुळली. चौथ्या दिवशी पहिला कतला उलटा होऊन वर आला, मग दाडक. मी आणि गावातले दोघे मिळून पहाटे जाळं ओढत राहिलो. जी जिवंत मिळाली ती ड्रममध्ये घालून चुलबंद नदीच्या डोहात सोडली, मेलेली पुरली. एवढ्या वर्षांत मी मासोळी पुरली नव्हती. तलावात मरळ तेवढी उरली. ती वर येऊन हवा घेते, तिचं कोणावाचून अडत नाही.

रागिणीने माझ्या तारखा आकड्यांना लावून पाहिल्या. तेल पडलं तेव्हा तेव्हा उतार वाढला होता, ताप होता तेव्हा कमी झाला होता. एकही दिवस चुकला नाही. ते पाहून वरच्यांनी दहा तारखेचा निर्णय पुढे ढकलला. सायीचा दोष नव्हता. उलट, माझ्या तापाचे तीन दिवस आणि तेल बंद केल्यानंतरचे वीस दिवस पाहून वरचे लोक खूश झाले. मंजुरी आली. तीनशेच्या जागी चारशे तलाव धरले.

ती एक दिवस गाडी घेऊन आली. ग्रामसभेत तिने उभं राहून सगळं सांगितलं, माझं नावही सांगितलं. लोक माझ्याकडे वळून पाहायला लागले. मी मान खाली घातली. जैवंताबाईने माझ्याकडे पाहिलं नाही, पण कोणी काही बोलायच्या आधी तीच उठली आणि म्हणाली, "पाणी राहिलं ना नळाले? मग पुढचं बोला."

निघताना रागिणी माझ्या पाया पडली. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. ती गाडीचं दार धरून म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे एक गोष्ट कळली. एरवी ती कळायला आणखी पाच वर्षं लागली असती. आता आम्ही नवी साय बनवतोय. तेलानंही फाटणार नाही अशी."

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"राग नाही ना?"

"तुले आहे काय?"

तिने थोडा विचार केला. "मला वेळच नाही मिळाला," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "नागपूरला चला ना माझ्यासंगं."

"अन् आकडा कोण वाचणार?"

ती पुन्हा एकदा म्हणेल, असं वाटलं होतं. पण तिला संध्याकाळच्या आत गोंदियाकडचे दोन तलाव पाहायचे होते.

आज मेची एकतीस तारीख. गेल्या कित्येक वर्षांत या दिवशी तलावात मी कमरेइतकं पाणी पाहिलं नव्हतं. आज आहे. पाइपाचं तोंड पाण्याखालीच राहिलं, म्हणून खालच्या टोलीत घागरींचा हिशेब उठला. जैवंताबाईची सून बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिच्या न्हाणीला पाणी कमी पडलं नाही, असं जैवंताबाईने पाळीवरून जाता जाता मला सांगितलं. तिने थांबून सांगितलं नाही, पण सांगितलं.

सकाळी मी पट्टीजवळ गेलो. पाणी कालच्याच खुणेवर होतं. खाली वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून पुन्हा पाहिलं. एक रेष जरी खाली असती तरी दिसली असती. कालचाच आकडा पुन्हा पाठवला. अंगठा आला.

संध्याकाळी सातला मी पाळीवर येऊन बसलो. वारा सुटला होता, बाभळी हलत होत्या. पाणी हलत नव्हतं. साडेसात झाले. फोन मांडीवर होता, आवाज पूर्ण वाढवलेला. विचारण्यासारखं तिच्याकडे काही राहिलं नव्हतं. सगळं नीट चाललं होतं.